नाकावरची गेरूची रेघ

मीनाबाईच्या कपाळाच्या उजव्या अंगाला आधी नुसती आग उठली. दिसायला काही नाही, पण केसांच्या मुळापासून भुवईपर्यंत कुणी तापलेलं उलथनं टेकवावं तशी. तिनं ते आधी उन्हावर ढकललं, मग बोराच्या बागेत फवारणी चालली होती तिच्यावर ढकललं. एका सकाळी तोंड धुताना बोटांना फोड लागले. मोहरीएवढे, पाण्यानं टच्च भरलेले, एकाला एक चिकटून भुवईकडं उतरलेले. पापणीही जड झाली होती.

पोरगा रत्नदीप सोलापुरात वीज कंपनीत वायरमन. फोनवर म्हणाला, "आई, डॉक्टरकडं जा. आजच्या आज. कुणा बाईबुवाकडं गेलीस तर बघ, परत माझ्याशी बोलू नको." त्याचं बोलणं असंच. खांबावर चढलेल्या माणसानं खालच्याला ओरडून सांगावं, तसं. बोलायचा ते बरोबरच असायचं. पण वरनं बोलायचा.

नवरा हणमंत श्रीपूरच्या साखर कारखान्यात गव्हाणीवर उसाच्या मोळ्या ओढून ओढून रिटायर झालेला. त्यानं गाडी काढली आणि बाजाराच्या गावात तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर नवाच होता, तरणा, बोलायला गोड. बॅटरी मारून त्यानं कपाळ बघितलं, पापणी बघितली, नाकाचा शेंडा बघितला, आणि तिला समजावं म्हणून तिच्याच भाषेत म्हणाला, "मावशी, नागीण उठलीय की ही."

पुढचंही त्यानं सांगितलं. डोळ्याजवळ आहे, या गोळ्या दिवसातून पाच वेळा, एकही चुकवायची नाही, आणि उद्याच्या उद्या सोलापूरला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचं, उशीर केला तर नजर जाईल. सगळं नीट सांगितलं. पण मीनाबाईच्या कानात पहिलाच शब्द अडकून बसला होता. तोवर ते फोड होते. फोडाला मलम असतं, गोळी असते. नागिणीला तोंड असतं, शेपूट असतं. ती माणसाच्या अंगावर चालते, आणि तोंडाला शेपूट मिळालं की माणूस संपला. गोळी पोटात गेली की ती खवळते आणि दुप्पट पळते. हे कुणी शिकवावं लागत नाही, आईच्या दुधाबरोबरच पोटात जातं. डॉक्टरनं आजाराचं खरं नाव घेतलं असतं तर तिला कळलं नसतं आणि तिनं मुकाट्यानं गोळ्या खाल्ल्या असत्या. बिचारा चांगुलपणानं बोलला. चांगुलपणानंच घात केला.

"डॉक्टरच म्हणला की नागीण हाय," गाडीवर ती हणमंतच्या कानात म्हणाली. "मग नागिणीचं बघाय नगं?"

"गोळ्या खा आन् गप बस. उद्या सोलापूरला जाऊ."

हणमंतचं घर गावाच्या खालच्या अंगाला. पूर्वी त्या वस्तीला महारवाडा म्हणायचे, आता कमानीवर भीमनगर लिहिलंय. कमान पक्की आहे. कमानीतून वर गावात जाणारा रस्ता सिमेंटचा आहे. बाकीचं होतं तिथंच आहे.

नागीण काढायचं काम वरच्या गावातल्या एकाच घराचं. सासूनं मरताना तो हात सुनेला द्यायचा. आता तो बजाबाईकडं होता. गेरू उगाळायचा, त्यात गाईचं तूप आणि दूर्वांचा रस घालायचा, आणि बोटानं नागिणीच्या पुढं रेघ ओढायची, म्हणजे तिची वाट अडते. त्याचा पैसा घ्यायचा नाही. ज्याची नागीण काढली त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, प्यालं तर हात जातो.

मीनाबाई नवी नवरी होती तेव्हा तिच्या सासूला, केराबाईला, कमरेवर नागीण उठली होती. केराबाई वरच्या गावात त्या घरी गेली. बजाबाईच्या सासूनं तिला उकिरड्याच्या कडेला उभं केलं आणि उंबऱ्यातून गेरूचा खडा फेकला. "सुनंकडनं काढून घे जा." केराबाईनं तो पदरात झेलला. नव्या नवरीनं बोटानं सासूच्या कमरेवर रेघ ओढली आणि नागीण सुकली. सगळी वस्ती म्हणाली, म्हातारीच्या खड्यात काय ताकद! रेघ ज्या बोटानं ओढली त्या बोटाचं नाव कुणी घेतलं नाही. मीनाबाईनंही नाही. नागीण सुकणारच होती. बहुतेकांची सुकतेच, काढली तरी आणि न काढली तरी. या एवढ्याशा गोष्टीवर त्या घराचा हात पिढ्यान्‌पिढ्या चालला होता.

डॉक्टरकडून आल्या दिवशी संध्याकाळी हणमंतच्या दारात पांढरी गाडी थांबली. गाडीतून बजाबाई उतरली आणि तिचा पोरगा इंद्रजीत उतरला. इंद्रजीत यंदा सरपंचपदाला उभा होता आणि भीमनगरात मतं होती. हे न कळण्याइतकी मीनाबाई खुळी नव्हती. पण बजाबाई चपला काढून, उंबरा ओलांडून सरळ आत आली आणि हणमंतच्या लोखंडी खाटेवर टेकली.

"अगं मीने, इकडं सरक. बघू दे."

दोघी एका वयाच्या. एक अगं म्हणते, दुसरी तुमी म्हणते.

"बजाक्का, तुमी कशाला आलाव? मीच वर आले आसते."

"नागीण उठल्यावर चालायचं न्हाई माणसानं. डॉक्टर काय म्हणला?"

"नागीणच म्हणला."

"बघ!" बजाबाई पोराकडं वळली. "शिकलेलं माणूससुदा नागीणच म्हणतंय. आन् हिचा वायरमन आमाला येड्यात काढतोय."

"गोळ्या दिल्यात," हणमंत दारातून म्हणाला. "उद्या सोलापूरला जायचंय. डोळ्याचं काम हाय."

"जा की हणमंता. नगं कोण म्हणतंय? पण रेघ वाळू दे, खपली धरू दे. वल्ली रेघ पुसली तर माज्या हातात न्हाई मग. आन् रेघ हाय तवर गोळी न्हाई. गोळ्या गरम पडत्यात तिला."

बजाबाई लबाड नव्हती, हे सांगून टाकलेलं बरं. तिचा स्वतःच्या बोटावर डॉक्टरच्या बॅटरीपेक्षा जास्त विश्वास होता. लबाड माणसाला निदान पकडता येतं.

तिनं बरोबर आणलेल्या गेरूच्या वाटीत बोट बुडवलं. ते बोट मीनाबाईच्या कपाळाला लागलं. त्या घराचं बोट या घराच्या अंगाला लागायची ही पहिली वेळ. मीनाबाईनं डोळे मिटले. फोड फुटत होते, आग होत होती, आणि तरी तिनं तोंड आणखी पुढं केलं. केराबाई उकिरड्याच्या कडेला उभी होती ती तिला दिसत होती. आत्ये, बघा, ती मनात म्हणाली. आपल्या घरात आल्यात.

रेघ कपाळाच्या मधोमध निघाली, दोन भुवयांमधून नाकाच्या दांडीवर आली आणि थेट शेंड्यापर्यंत उतरली. उरलेला गेरू बजाबाईनं उजव्या पापणीवर फिरवला.

"हितनं पुढं यायचं न्हाई," ती नागिणीला दम भरून म्हणाली. "पल्याडचा डोळा तुजा न्हाई."

अलीकडच्या डोळ्याचं काय, हे कुणी विचारलं नाही.

"चा टाकते," मीनाबाई उठली.

"नगं गं. नेम हाय. हात जातो."

नेम खराच होता. वरच्या गावात ती ज्यांची नागीण काढायची त्यांच्याकडंही पाणी घ्यायची नाही. तरी गाडी गेल्यावर हणमंत म्हणाला, "नेम बरा घावलाय."

"तुमचं मनच वाकडं. तुमच्या आईला खडा फेकला हुता. मला हात लावला."

"म्हणूनच म्हणतोय," हणमंत म्हणाला, आणि पुढं बोलला नाही. त्याला बोलायला हवं होतं. पण तो आयुष्यभर मुकादमाचं, मग बायकोचं आणि आता पोराचं ऐकून घेण्यातच तरबेज झालेला होता.

शेकडो वर्षांपूर्वी रोग म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं वारं शिरलं, कुणी म्हणायचं बाई कोपली, कुणी म्हणायचं अंगावर साप चालतोय. मग डाग द्यायचे, रक्त काढायचे, रेघा ओढायचे. त्यांना सगळं माफ आहे. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. मीनाबाईजवळ होतं. ज्वारीच्या कणगीवर, कागदी पुडीत, मुठीत मावेल एवढं. त्या पुडीवर धूळ बसत होती.

सोलापूर आजचं उद्यावर गेलं आणि उद्याचं परवावर. रत्नदीपचा फोन यायचा.

"गोळ्या घेतेस का?"

"घेते की."

"मग डोळे दाखवायला कधी येतेस?"

"येते रे. रेघ तेवढी—"

"कसली रेघ?"

"राग म्हणले, राग. तुजा राग जाऊ दे आदी, मग येते."

तो हसला. आई विनोद करते म्हणजे बरी आहे, असं त्यानं धरलं.

आणि नागीण खरोखर अडली! डाव्या अंगाला एक फोड उठला नाही. मीनाबाई सकाळ-संध्याकाळ आरशात बघायची. उजवीकडं कपाळभर खपल्या, आणि रेघेला लागून सगळं साफ, जसं शेताच्या बांधाला पाणी थांबावं. वस्तीतल्या बायका बघायला आल्या. मग वरच्या गावातल्या आल्या. त्या दारातच उभ्या राहायच्या, पण यायच्या.

"काय आडलीय बघा. तसूभर पुढं न्हाई."

"हात हाय बाई त्यो. हात हाय."

मीनाबाई तोंड वर करून दाखवायची. उजवा डोळा तोवर सुजून चिकटला होता. त्यातून पिवळं यायचं, गेरू मिसळून लालसर व्हायचं आणि गालावर वाळायचं. उजेड सुईसारखा घुसायचा म्हणून तिनं खिडकीला जुनं लुगडं बांधलं. बोटांनी पापणी उघडून बघितलं तर हणमंत चुलीच्या धुरापलीकडं बसल्यासारखा दिसायचा.

"अगं, डोळा बघ तुजा," तो म्हणायचा.

"तुमी रेघ बघा," ती म्हणायची.

शेवटी हणमंतनं घराच्या मागं जाऊन पोराला फोन केला. रत्नदीप एका मित्राची गाडी घेऊन आला. दारातच त्याचा पाय थबकला. खिडकी बंद, कुबट वास, आणि खाटेवर आई, अर्धं तोंड लाल फासलेलं.

"हे कुणी केलं?"

"वरडू नगंस. आदी पाणी पी."

"कुणी केलं विचारतोय! आई, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाचा आहे. त्यांच्यासमोर बसून तू हे थोबाडाला फासून घेतलंस? आपण सोडलं ना हे सगळं? बापजाद्यांनी सोडलं ना? मग कुठल्या तोंडानं—"

"डॉक्टरच नागीण म्हणला."

"डॉक्टर गोळ्या पण म्हणाला ना? त्या कुठायत?" त्याची नजर कणगीवर गेली. त्यानं पुडी उचलली, उघडली, आणि भिंतीवर आपटली. गोळ्यांची पाकिटं खाटेखाली सरकली. "एक नाही खाल्लीस? एक? रोज फोनवर मला उल्लू बनवत होतीस?"

"तू कवा नीट इचारलंस रे?" मीनाबाईचाही आवाज चढला. "तुजं आपलं हे करू नगं, ते करू नगं, न्हाईतर बोलणार न्हाई. ती आली, हितं बसली, मला जवळ घेतलं. ज्या घरानं तुज्या आजीला उकिरड्यावर उभं केलं त्या घरच्या बाईनं मला हात लावला! तुला काय कळायचं? तू शेरात ऱ्हातोस. तितं तुला चा ईचारत्यात. मला हितं जन्म काढायचाय."

रत्नदीप तिच्याकडं बघत राहिला. मग हळू म्हणाला, "हात लावला म्हणून डोळा दिलास?"

हणमंतनं खाटेखाली वाकून पाकिटं गोळा केली आणि खिशात घातली. "गाडीत बसा दोगंबी," तो म्हणाला. "काय वरडायचं त्ये वाटंत वरडा."

वाटेत कुणी ओरडलं नाही.

सोलापूरची डॉक्टरीणबाई वयस्कर होती. तिनं आधी ओल्या कापसानं गेरू काढला. बराच वेळ काढत होती. कापसाचे लाल बोळे ट्रेमध्ये पडत राहिले. मीनाबाईला रेघ पुसल्याची भीती वाटली आणि तिनं डावा डोळा गच्च मिटून घेतला. मग थेंब, यंत्र, हनुवटी इथं टेका, वर बघा, खाली बघा. डॉक्टरीणबाईनं तिच्यासमोर बोटं धरली.

"किती?"

"कुटं?" मीनाबाईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईनं हात खाली घेतला. "बुबुळ पांढरं पडलंय, मावशी. जखम झाली आणि त्यात पू झाला. उजेड-अंधार कळेल. दिसणार नाही. सूज उतरली की पुढं बुबुळ बदलायचं बघू, पण या आजारात त्याचा भरवसा मी देणार नाही."

"पण ती पल्याड न्हाई गेली," मीनाबाई घाईनं म्हणाली. "रेघेनं आडली. नसती आडली तर दोन्ही गेलं आसतं."

"ती पलीकडं जाणारच नव्हती. हा आजार एका नसेच्या वाटेनं चालतो. कपाळाची उजवी नस निराळी, डावी निराळी. उजव्या नसेची हद्द मधोमध संपते, तिथंच तो थांबतो. रेघ काढा, नका काढू." ती पावती लिहावी तसं सांगत होती, न रागावता. "लोकांना हजार वर्षं हेच वाटत आलंय. लांबलांबच्या देशांतसुद्धा म्हणायचे, कमरेला वेढा पुरा झाला की माणूस मेला. वेढा काही पुरा व्हायचा नाही, आणि जो तो आपल्या उपायाला श्रेय द्यायचा."

"मग त्या गोळ्या?"

"पहिल्या दिवसापासून घेतल्या असत्या आणि लगेच आला असता, तर डोळा राहायची बरीच आशा होती."

मीनाबाईनं रत्नदीपकडं मान वळवली. तो उजव्या बाजूला बसला होता, म्हणून पूर्ण वळवावी लागली. तो फरशीकडं बघत होता. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

गावानं आपलं मत आधीच ठरवून टाकलं होतं. एक गेला, पण दुसरा वाचवला. बजाबाई नसती तर मीनी दोन्ही डोळ्यांनी आंधळी झाली असती. इंद्रजीत निवडून आला, गुलाल भीमनगरातही उधळला. मीनाबाई कुणाशी काही बोलली नाही. खुरपायला जायची, तेव्हा उजवीकडचं रोप कापलं जायचं आणि बाया तिला हसून सांभाळून घ्यायच्या. तिच्या कपाळाची आग मात्र गेली नव्हती. कातडी वाळली तरी आतली नस पेटतच होती.

एका दुपारी वरून बोलावणं आलं. बजाबाईची चुलत जाऊ सोजरबाई, तिच्या बरगडीपासून बेंबीकडं नागीण उठली होती. सोजरबाईची सून अंकिता गोळ्या घेऊन आली होती आणि हटून बसली होती की सासूबाईंनी त्याच घ्यायच्या. बजाबाई म्हणाली, मीनाला बोलवा. तिला विचारा. तिच्या तोंडून ऐका.

हणमंत तिला गाडीवरून वर बजाबाईच्या घरी घेऊन गेला आणि बाहेर लिंबाखाली थांबला. मीनाबाई सवयीनं अंगणातच थबकली, तर बजाबाई म्हणाली, "आत ये गं, आत." सोप्यात खुर्ची दिली. चहा आला, घरातल्याच कपबशीत. भोवती सात-आठ बाया, भिंतीला टेकून सोजरबाई, भ्यालेली, पदराचं टोक तोंडात धरलेलं. समोर सहाणेवर गेरू उगाळायला घेतलेला.

"सांग गं मीने हिला," बजाबाई म्हणाली. "रेघेनं आडली का न्हाई?"

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. कुणाच्याही डोळ्यांत तिरस्कार नव्हता. एवढ्या सगळ्या जणी, या घरात, तिच्या तोंडाकडं बघत होत्या, ती काय बोलते ते ऐकायला. मीनाबाईला वाटलं, व्हय म्हणावं. एक शब्द आहे. व्हय म्हणलं की ही खुर्ची आपली. उद्या पुन्हा बोलावतील. लग्नाकार्याला बोलावतील.

तिनं कप खाली ठेवला.

"न्हाई आडली," ती म्हणाली. "ती तितंच थांबणार हुती. मोठ्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं. रेघ काडा, नका काडू."

"काय बोलतीस तू?"

"बजाक्का, तुमचं बोट लागलं तवा मला लई बरं वाटलं. जन्मात तेवढं बरं वाटलं न्हाई. म्हणून म्या तोंड पुडं केलं आन् गोळ्या तशाच ठिवल्या. डोळा म्याच घालवला. पण रेघेनं काय झालं न्हाई."

सोप्यात चुळबुळ झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "डोळ्यासंगं अक्कलबी गेली वाटतं." एक-दोघी हसल्या. दुसरी म्हणाली, "घरात घेतलं की असंच बोलत्यात ह्ये लोक."

बजाबाई हसली नाही. तिचा सहाणेवरचा हात थांबला होता. तिच्या तोंडावर राग नव्हता, आपल्याच घरात कुणी थोबाडीत मारावी तसा चेहरा झाला होता. मग तिनं मान खाली घातली आणि गेरू पुन्हा उगाळायला सुरुवात केली, जोरात.

सोजरबाईनं पदर तोंडातून काढला. "पर डॉक्टरसुदा नागीणच म्हणला की गं मला."

"म्हणू दे. त्यो नागीण म्हणला तरी तुमी गोळी घ्या."

सोजरबाई बजाबाईच्या वाटीकडं बघत होती आणि अंकिताच्या मुठीकडं बघत होती. तिचा हात चोळीच्या काठावर तसाच राहिला. अंकिता पाण्याचा तांब्या आणायला उठली, तेव्हा कुणी तिला वाट दिली नाही. पुढं काय झालं ते बघायला मीनाबाईला कुणी थांब म्हणालं नाही. ती उठली आणि चपला पायात सारून बाहेर आली.

"काय इचारलं?" हणमंतनं गाडी चालू करत विचारलं.

"आता परत न्हाई बोलवायचे," मीनाबाई म्हणाली. गाडीवर बसताना तिचा अंदाज चुकला, म्हणून तिनं त्याचा खांदा घट्ट धरला.